लहरींची मर्यादा



वसंत व्याख्यानमालेचे हे व्यासपीठ मोठमोठ्या वक्त्यांनी गाजवलेले आहे. वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय या गोदाकाठी होऊन गेले. आम्ही मात्र आज आपल्यापुढे एक अगदी लहान विषय घेऊन उभे आहोत. तो इतका लहान, की हा माईक आणि तो कर्णा यांच्या मधल्या पेटीत सहज मावतो. मघाशी प्रास्ताविक चालू असता कर्णा एकदम किंचाळला आणि पुढच्या रांगेतील मंडळींनी कानांवर हात ठेवले, हे आपण पाहिलेच. व्यवस्थेवरचा मुलगा धावत गेला, त्याने एक खुंटी जराशी मागे फिरवली आणि सारे शांत झाले. त्या मुलाने जे काम केले तेच काम माणसाचा हात न लागता विजेच्या मंडलाकडून, म्हणजे आपण ज्याला सर्किट म्हणतो त्याच्याकडून, कसे करवून घेतात आणि ते काम कुठवर भरवशाचे असते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ आपल्या ओळखीच्या देवापासून करू. इथून चार पावलांवर दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककराला पावसाळ्यात गोदावरीला किती पाणी आहे हे समजण्यासाठी इंजिनियराकडे जावे लागत नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे कोणीतरी येऊन सांगतो आणि साऱ्या गावाला पुराचा अंदाज येतो. १९६९ चा महापूर आठवणारी काही मंडळी समोर बसली असतील; २००८, २०१६ आणि २०१९ सालचे पूर तर आपण बहुतेकांनी पाहिले आहेत. पण मारुतीच्या मस्तकावरून पाणी गेले की पुढे काय? पाणी एक हात चढले की पाच हात, हे मारुती सांगू शकत नाही. मग लोक नारोशंकराच्या घंटेकडे पाहतात, सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजतात. मारुतीची मोजण्याची शक्ती जिथे संपली तिथे त्याच्यापुरता पूरही थांबला. खऱ्या नदीत मात्र तो चढतच असतो. हे चित्र आपण ध्यानात ठेवावे, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

आता संकेत म्हणजे काय ते पाहू. आम्ही बोलतो तेव्हा हवेचा दाब कमीजास्त होतो. माईक त्या दाबाची विजेत नक्कल करतो: हवेचा दाब वाढला की व्होल्टेज वाढते, दाब उतरला की व्होल्टेज उतरते. या चढउतारात कुठेही पायऱ्या नसतात. घाटावरच्या उतरणीसारखी ती अखंड रेषा असते. अशा अखंड बदलत्या संकेताला अॅनालॉग संकेत म्हणतात. माईकमधून निघताना तो काही मिलिव्होल्टांचा, म्हणजे एका व्होल्टाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा इतका दुबळा असतो. त्याला टप्प्याटप्प्याने बलवान करून कर्ण्यापर्यंत नेणे हे अॅम्प्लिफायरचे काम.

पण प्रत्येक अॅम्प्लिफायरला दोन सीमा असतात. खालची सीमा म्हणजे त्याची स्वतःची खरखर. संकेत त्याहून बारीक असेल तर तो त्या खरखरीत हरवतो. वरची सीमा म्हणजे त्याला मिळणारा वीजपुरवठा. तीस व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालणारे सर्किट एकतीस व्होल्टांची लहर काढू शकत नाही. घरात तीस रुपये असता एकतीस खर्च करता येत नाहीत, तसेच हे. या दोन सीमांच्या मधे संकेताने वावरावयाचे. आणि मनुष्याचा आवाज तर मोठा अवखळ. कानात केलेली कुजबूज सुमारे ३० डेसिबल, आणि जवळून मारलेली आरोळी ९० डेसिबलच्या घरात. डेसिबलचा हिशोब असा, की दहाने वाढ म्हणजे शक्ती दहापट, वीसने वाढ म्हणजे शंभरपट आणि साठने वाढ म्हणजे दहा लाखपट. एकाच वक्त्याच्या तोंडून निघणाऱ्या दोन वाक्यांत दहा लाखपटींचे अंतर पडू शकते, आणि तेवढे सारे त्या बिचाऱ्या पेटीने दोन सीमांच्या आत सांभाळावयाचे असते.

वरची सीमा ओलांडली तर काय होते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. उमेदीचे दिवस, हातात स्वतः जोडलेला लहानसा अॅम्प्लिफायर, आणि एका सार्वजनिक उत्सवात भाषणाची व्यवस्था अंगावर घेतलेली. गर्दी अपेक्षेपेक्षा वाढली. मागून 'ऐकू येत नाही' असा ओरडा झाला. आम्ही खुंटी पुढे सारली. आवाज वाढला, पण फाटका येऊ लागला. आम्ही आणखी पुढे सारली. थोड्याच वेळात जळका वास आला आणि स्पीकर कायमचा मुका झाला. आम्हांला वाटत होते की आपला अॅम्प्लिफायर लहान, स्पीकर मोठा, तेव्हा त्याला धोका नाही. दुसऱ्या दिवशी एका जुन्या कारागीर काकांकडे तो जळका स्पीकर नेला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अरे, मोठ्या अॅम्पने स्पीकर जळतो हे सगळ्यांना ठाऊक असते. लहान अॅम्पने जास्त जळतो, हे जळल्यावरच कळते."

काकांच्या म्हणण्यातले गणित साधे आहे. समजा, अॅम्प्लिफायरची लहर शून्याच्या वर तीस व्होल्ट आणि खाली तीस व्होल्ट जाऊ शकते आणि स्पीकरचा रोध आठ ओहम आहे. गोल, निर्दोष लहर काढली तर स्पीकरला सुमारे ५६ वॉट शक्ती मिळते. खुंटी त्यापुढे सारली की लहरीला वर जायला जागा नसते. तिचे माथे कापले जाते आणि टेकडीचे पठार होते. पुरती कापली गेली की ती चौकोनी होते, म्हणजे सारा वेळ एक तर वरच्या टोकाला नाही तर खालच्या टोकाला. अशा चौकोनी लहरीतून त्याच स्पीकरला ११२ वॉट मिळतात, म्हणजे बरोबर दुप्पट. व्होल्टेज तसूभरही वाढलेले नाही आणि शक्ती मात्र दुप्पट झाली! शिवाय त्या तीक्ष्ण कोपऱ्यांतून मुळात नसलेले उंच स्वर निर्माण होतात, आणि उंच स्वरांसाठी बसवलेले लहान नाजूक स्पीकर आधी बळी पडतात. आपल्याला जो 'फाटका' आवाज ऐकू येतो तो याच उपऱ्या स्वरांचा. वक्ता जे बोललाच नाही ते कर्णा बोलू लागतो.

इतके नुकसान करणारे हे छाटणे कधीकधी मुद्दाम करतात, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. त्यासाठी डायोड नावाचा पुर्जा वापरतात. डायोड ही विजेची एकेरी झडप. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत दार बंद ठेवतो आणि त्यापुढे उघडतो. संकेताच्या तारेवर एक रोध घालून पुढे असे दोन डायोड उलटसुलट तोंडांनी जमिनीकडे जोडले, की लहर वरच्या बाजूला मर्यादेबाहेर गेली तर एक उघडतो आणि खालच्या बाजूला गेली तर दुसरा. तोही एक दुतोंड्याच म्हणावयाचा! अधिक उंच मर्यादा हवी असेल तर झेनर डायोड वापरतात. तो ठरलेल्या व्होल्टेजला उलट दिशेनेही उघडतो. धरणाला जसा सांडवा, तसे हे डायोड. पाणी काठाशी आले की जास्तीचे बाजूने निघून जाते आणि भिंत वाचते. आणि मधला तो रोध विसरून चालत नाही. तो नसेल तर साऱ्या लोंढ्याखाली डायोडच जळून जातो.

भिंत वाचवणे हे केवढे मोठे काम आहे याचे एकच उदाहरण देतो. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राकडे रुग्णाच्या छातीवरून येणारा संकेत एका मिलिव्होल्टच्या आसपासचा असतो. त्याच रुग्णाचे हृदय भलत्याच तालात धडधडू लागले तर डॉक्टर त्याच छातीवर हजार-दोन हजार व्होल्टांचा झटका देतात. आलेखाच्या तारा तेव्हा छातीवरच असतात. मर्यादा राखणारी सर्किटे दाराशी उभी नसतील तर यंत्र त्याच क्षणी निकामी होईल. आणि पुढच्या क्षणी हृदय ताळ्यावर आले की नाही, हे तर त्याच यंत्राने सांगावयाचे असते! त्या झटक्याचा आकार छाटला गेला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, कारण झटक्यात डॉक्टरांना काही वाचावयाचे नसते.

इथे एक कसोटी हाती लागते. जे छाटले गेले त्यात निरोप होता काय? नसेल तर खुशाल छाटावे. एफ. एम. रेडिओ हे त्याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेतील एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली ज्या पद्धतीची पेटंटे मिळवली तिच्यात गाण्याचा निरोप लहरीच्या उंचीत नसतो. लहरी किती दाटीने येतात त्यात असतो. आकाशात वीज कडाडली, शेजारी मिक्सर फिरला, तर लहरीची उंची बिघडते, दाटी फारशी बिघडत नाही. म्हणून एफ. एम.च्या पेटीत लहरींची माथी मुद्दाम एका पातळीत छाटतात. गडगडाट त्या छाटलेल्या भागाबरोबर जातो आणि गाणे शाबूत राहते. भाषणाच्या कर्ण्यात मात्र लहरीच्या उंचीतच बोलणे असते. तिथे छाटले की बोलणेच गेले.

मग जिथे निरोप उंचीतच आहे तिथे काय करावे? सांडव्याऐवजी दरवाजे वापरावेत. धरणावरचे जाणते अधिकारी पाणी माथ्यावरून जाईपर्यंत वाट पाहत नाहीत. येणाऱ्या पाण्याचा अंदाज घेऊन ते दरवाजे कमीजास्त उघडतात. सर्किटांत हे काम करणारी युक्ती रेडिओच्या जुन्या जमान्यात निघाली. त्या वेळी एका दुबळ्या केंद्रावरून काटा दुसऱ्या बलवान केंद्रावर नेला की पेटी एकदम गरजत असे, आणि मालकाला एक हात सतत खुंटीवर ठेवावा लागे. हॅरल्ड व्हीलर या तरुण अमेरिकन इंजिनियराने १९२५ च्या अखेरीस यावर तोड काढली. पेटीत शेवटी जी लहर तयार होते तिची सरासरी उंची काढावयाची, त्या सरासरीचे व्होल्टेज मागे फिरवून पहिल्या व्हॉल्व्हांना द्यावयाचे, आणि लहर मोठी असेल तर त्या व्हॉल्व्हांची वाढवण्याची शक्ती कमी करावयाची. स्वतःचे बोलणे स्वतःच ऐकून आवाज सावरणाऱ्या सुज्ञ माणसासारखी ही पेटी झाली. ही युक्ती घातलेले रेडिओ १९२९ पासून अमेरिकेच्या बाजारात आले आणि पुढे जगातल्या बहुतेक पेट्यांत ती आली. आपल्यापैकी ज्यांनी रात्री रेडिओ सिलोन ऐकले आहे त्यांना आठवत असेल की गाणे दूरवरून लाटेवर लाट यावी तसे जवळ येई आणि दूर जाई. ती ओढाताण सुसह्य होण्याइतकी सावरण्याचे काम हेच सर्किट करीत होते.

या सावरण्यात आणि छाटण्यात मोठा फरक आहे. छाटताना टेकडीचे माथे जाते. सावरताना सबंध चित्र लहान होते. टेकडी टेकडीच राहते. कुजबूज आणि आरोळी यांचे आकार शाबूत राहतात.

आणि त्या जुन्या रेडिओंत आणखी एक गोष्ट होती. चांगल्या पेट्यांवर एक हिरवा डोळा असे. केंद्र नीट लागले की त्यातील काळी फट मिटत जाई. आम्ही लहानपणी त्याच्याकडे तासन् तास पाहत बसत असू. पुढे रेडिओचे काम शिकलो तेव्हा उलगडा झाला, की तो डोळा त्या मागे फिरवलेल्या व्होल्टेजवरच चालतो. म्हणजे आतले सर्किट संकेताला किती दाबते आहे हे तो डोळा मालकाला दाखवीत असे. आम्हांला हे फार मोलाचे वाटते. मर्यादा घालणारे यंत्र घरात असावे, पण ते केव्हा आणि किती मर्यादा घालते आहे हे त्याने सांगावे. एरवी मालकाला वाटेल की केंद्रच दुबळे झाले.

सावरणारे सर्किटही सर्वगुणसंपन्न नाही. त्याला सरासरी काढायला वेळ लागतो. फार चपळ केले तर ते शब्दाशब्दाला आवाज ओढीत बसते. फार संथ केले तर पहिला तडाखा निसटतो. आपल्या कानातही असेच एक सावरणारे यंत्र देवाने दिले आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातील एक बारीकसा स्नायू शरीरातील सर्वांत लहान हाडाला आवरून धरतो आणि आत जाणारा आवाज कमी होतो. पण त्याला जागे व्हायला सेकंदाचे काही शतांश, कधी दहावा हिस्सा लागतो. कानाजवळ सुतळी बाँब फुटला तर स्नायू आवळण्यापूर्वीच घाव बसलेला असतो. म्हणून उत्तम व्यवस्थेत सांडवाही ठेवतात आणि दरवाजेही: अचानक तडाख्याला डायोड, आणि एरवीच्या चढउताराला सावरणारे सर्किट.

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम. माईकपासून कर्ण्यापर्यंत चार टप्पे असतील आणि पहिल्याच टप्प्यात लहर छाटली गेली असेल, तर शेवटची खुंटी कितीही मागे फिरवा, फाटका आवाज हळू होईल, पण फाटकाच राहील. पुढच्या टप्प्यांना मूळ लहर दिसलेलीच नसते. ती ते परत आणणार कोठून? तेव्हा मर्यादा राखावयाची तर जिथे ती पहिल्यांदा मोडते तिथेच राखावी लागते.

हा नियम किती लांबपर्यंत पोहोचतो हे पाहण्यासाठी आपण पुण्याच्या रस्त्याने जाऊ. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे टाकून नारायणगावला पोहोचलो की तेथून पूर्वेला खोडद गावाजवळ शेतांत प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण, जी. एम. आर. टी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या; त्यांतील १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन दिशांना वाय आकारात पसरलेल्या, दोन टोकांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. इतक्या मोठ्या थाळ्या स्वस्तात उभारण्यासाठी पोलादाच्या दोऱ्यांवर ताणलेली तारेची जाळी वापरण्याची कल्पना स्वरूपांची. २००१ साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, आणि तेव्हापासून जगभरचे शास्त्रज्ञ तिच्याकडे वेळ मागतात.

तिथे येणारा संकेत किती दुबळा म्हणावा? चंद्रावर कोणी एक चालू मोबाईल ठेवून आला तर तोही अशा दुर्बिणीला आकाशातील ठळक वस्तूंपैकी एक वाटेल, असे खगोलशास्त्रज्ञ सांगतात. आणि ज्या आकाशात हे दुबळे संकेत, त्याच आकाशात सूर्यासारखा धगधगीत स्रोत. म्हणून तिथल्या ग्राहक यंत्रांच्या अगदी दाराशी संकेत दाबणारे पुर्जे ठेवलेले आहेत. सूर्याकडे पाहताना ते १४, ३० किंवा ४४ डेसिबलने संकेत उतरवू शकतात. तीस डेसिबल म्हणजे हजारातला एक हिस्साच आत येऊ देणे. आतल्या टप्प्यांत पातळी आपोआप सावरणारी सर्किटेही आहेत. व्हीलरच्या युक्तीची ती नातवंडेच.

पण स्पंदकांचे, ज्यांना पल्सार म्हणतात त्यांचे, निरीक्षण करताना हे सावरणारे सर्किट बंद करण्याची रीत आहे. याचे कारण आता आपण स्वतःच सांगू शकाल. स्पंदकाचा निरोप लहरीच्या चढउतारातच असतो. क्षणात उजळणे आणि क्षणात मंदावणे हेच तर त्याचे बोलणे. सावरणारे सर्किट प्रामाणिकपणे तो चढउतार सपाट करीत बसले तर शास्त्रज्ञांच्या हाती काय लागणार? जे यंत्र रेडिओच्या श्रोत्याचे उपकारकर्ते तेच इथे निरोप पुसणारे ठरते. यंत्र तेच, गुण तोच. निरोप कोठे आहे एवढाच फरक.

इथे आपल्या गावाच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न येतो. नाशिक-पुणे वेगवान रेल्वेची आपण किती वर्षे वाट पाहतो आहोत! सुमारे २३५ किलोमीटरचा जो मार्ग आखला गेला होता तो नारायणगावच्या बाजूने जाणारा होता. २०२४-२५ च्या सुमारास केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी या दुर्बिणीचे कारण देऊन तो मार्ग बदलावा लागेल असे सांगितले, आणि सिन्नर, संगमनेर, नारायणगावच्या लोकांत मोठी नाराजी पसरली. त्या काळात आम्हांला अनेकांनी विचारले: "अहो, तुम्ही मर्यादा राखणाऱ्या सर्किटांच्या गोष्टी सांगता. मग एक चांगले सर्किट त्या दुर्बिणीला बसवा आणि आमची गाडी जाऊ द्या."

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. विजेच्या गाडीच्या माथ्यावरची दांडी तारेवर घासते तेव्हा ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी अनेक लहरींवर केलेला गोंगाट. तो गोंगाट थाळीत शिरला की दुबळ्या संकेताबरोबरच पहिल्या टप्प्यात पोहोचतो. तिथे मर्यादा मोडली, तर त्या क्षणीचा आकाशाचा निरोप गेला. दाबणारा पुर्जा लावला, तर गोंगाट हजारपटीने उतरेल आणि संकेतही हजारपटीने उतरून खरखरीत बुडेल. सर्किट यंत्र वाचवू शकेल. निरीक्षण वाचवू शकणार नाही. तेव्हा मार्ग वळवणे, अंतर वाढवणे, ठिणगी कमी करणे, हे जे काही करावयाचे ते थाळीच्या बाहेरच करावे लागते. रेल्वे हवी की दुर्बीण, असा हा झगडा आम्ही मानीत नाही. संगमनेरच्या शेतकऱ्याला गाडी हवी ही काही चैन नव्हे, आणि खोडदचे शांत आकाशही सहज दुसरीकडे उचलून नेता येण्याजोगे नाही. पण या दोहोंचा मेळ नकाशावरच घालावा लागेल; 'एखादे यंत्र बसवून टाकू' या आशेवर तो घालता येणार नाही, एवढे शास्त्राच्या वतीने सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आता शेवटचा भाग, आणि तो पुन्हा आपल्या घाटावरचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे मान. सार्वजनिक ध्वनिवर्धकाचा आवाज जागेच्या हद्दीवर त्या मानाहून १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांतील जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर १०५ भरले, तर ते मर्यादेच्या दहा हजारपट झाले. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक स्थळांवरील ध्वनिवर्धकांसंबंधीच्या निकालात, आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवून ठेवण्याची व्यवस्था करण्याचा विचार सरकारने करावा, असे म्हटले. ती व्यवस्था म्हणजे आज आपण ज्याची ओळख करून घेतली तेच सर्किट.

आम्ही या कल्पनेचे स्वागतच करतो. पण आयुष्य या पेट्यांत घालवल्यामुळे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली अशी, की पेटीतले सर्किट व्होल्ट मोजते. पलीकडच्या आळीत आजारी पडलेल्या आजोबांच्या खिडकीशी किती आवाज पोहोचला हे त्याला कळत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण अरुंद बोळात भिंतींवर आपटून तो तितका उतरत नाही. आणि एका पेटीला मर्यादा घातली म्हणून शेजारी दुसरी आणून ठेवायला काय अडचण? म्हणून मोजमाप खिडकीशी झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. केवळ सर्वांत उंच टोकाला मर्यादा घातली, तर चलाख माणूस मधले बारीक आवाज वर ओढून टोकाशी आणून ठेवतो. टोक कायदेशीर राहते आणि सरासरी गोंगाट वाढतो. आमच्या त्या चौकोनी लहरीचेच हे भावंड. म्हणून आपल्या नियमांत ठराविक वेळेची सरासरी धरली आहे, आणि ती धरलीच पाहिजे. शिवाय यंत्रावर तो हिरवा डोळा असावा: मर्यादा कधी मोडू पाहिली, किती वेळ दाबावी लागली, याची नोंद लोकांना पाहता यावी. सील ठोकलेल्या मुक्या पेटीवर भरवसा ठेवणे म्हणजे बुडालेल्या मारुतीकडे पाहून पूर थांबला म्हणण्यासारखे आहे.

सिंहस्थाच्या वेळी याच घाटावर लाखो लोक जमतात. त्या गर्दीत आईचा हात सुटलेल्या मुलाचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाते. ते नाव फाटक्या आवाजात विरून गेले, किंवा शेजारच्या दहा कर्ण्यांच्या गोंगाटाखाली बुडाले, तर पुढे कोणत्याही यंत्राने ते परत मिळणार नाही. ते आईच्या कानापर्यंत पोहोचावयाचे तर बाकीच्या कर्ण्यांनी आपापल्या जागी आवरून राहावयास हवे. सर्किट त्यात मदत करील. पहिली खुंटी मात्र आपल्याच हातात आहे.